एक्सेल उघडलं, पण पान कुठंय?

(वरवे बुद्रुक येथे झालेल्या गटांच्या लेखनिकांच्या बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. भात लावणीमुळे ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी जसं बोलल्या तसंच देत आहोत.)



पावसाचे दिवस आहेत, लावणी चालू आहे, तरी एवढ्या जणी आलात. तेव्हा मी लांबण लावणार नाही. बैठकीच्या कागदावर आजचा विषय लिहिलाय, 'संगणकावरील हिशोब : अडचणी व उपाय.' मी तो सोपा करून सांगते. आपण एक्सेल उघडतो. ते उघडतं. पण लिहायला पान येत नाही. चौकटी नाहीत, आकडे नाहीत, नुसता राखाडी पडदा. अशा वेळी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच आज बघायचंय.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगते. गेल्या महिन्यात संध्याकाळी साडेसातला मला एका गटाच्या लेखनिक ताईंचा फोन आला. त्या आत्ता इथंच बसल्यात. त्याच म्हणाल्या, "गोष्ट सांग, नाव नको." म्हणून नाव सांगत नाही. तुम्हीही इकडंतिकडं बघू नका!

फोनवर पहिलं वाक्य होतं, "मॅडम, तीन वर्षांचा हिशोब गेला."

आवाज रडवेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांच्या गटाची बैठक होती आणि कर्ज वाटप ठरणार होतं. तिघींचे अर्ज होते. त्यातल्या एकीला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. कुणाकडे किती बाकी, पेटीत किती, बँकेत किती, हे समोर असल्याशिवाय कर्ज द्यायचं कसं? आणि ते सगळं त्या राखाडी पडद्यामागं.

मी म्हटलं, "घाबरू नका, वही काढा."

त्या म्हणाल्या, "वही मार्चपर्यंतच लिहिलीय. तुम्हीच म्हणाला होतात ना, आता कॉम्प्युटरवर आहे तर वही नंतर सवडीनं लिहा."

ताईंनो, हे खरं आहे. मी असं म्हणाले होते. दोन-दोन ठिकाणी लिहायचा तुमचा त्रास वाचावा असं मला वाटलं होतं. ती चूक माझी. ती तुमच्यासमोर कबूल करूनच मी पुढं जाणार आहे.

आता पुढचं ऐका. घरातल्या पुतण्यानं तोपर्यंत बाजारातल्या एका दुकानात फोन लावला होता. दुकानदार म्हणाला, "विंडोज नव्यानं टाकावं लागेल. घेऊन या. सी ड्राइव्हवरचं जाईल." त्यांची हिशोबाची फाईल होती डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर समोरच. आपल्याला वाटतं समोर दिसतंय म्हणजे ते सुरक्षित. पण डेस्कटॉप हा सहसा सी ड्राइव्हचाच भाग असतो. दुकानदार फसवत होता असं मी म्हणणार नाही. फोनवर ऐकून त्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. पण तसं केलं असतं, तर जो हिशोब गेलेला नव्हता तो खरोखरच गेला असता.

मी म्हटलं, "आज रात्री कशालाही हात लावू नका. कॉम्प्युटर नीट बंद करा, जेवा आणि झोपा. सकाळी आठला मी येते."

सकाळी गेले. फाईलवर दोनदा क्लिक केलं. एक्सेल उघडलं, राखाडी पडदा. वरती 'व्ह्यू' असं लिहिलेलं असतं, त्यावर गेले. तिथं 'अनहाइड' हे बटण ठळक दिसत होतं. ते दाबलं. एक छोटी चौकट आली, त्यात त्यांच्याच फाईलचं नाव. 'ओके' म्हटलं, आणि तीन वर्षांचा हिशोब जसाच्या तसा समोर. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. रात्रभर त्या ताई झोपल्या नव्हत्या.

झालं काय होतं? आपण प्रशिक्षणात शिकलो होतो की नावांची वरची ओळ जागेवर पक्की राहावी म्हणून 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फ्रीझ पेन्स' दाबायचं. त्याच्या शेजारीच 'हाइड' हे बटण आहे. हाइड म्हणजे लपव. बोट तिकडं पडलं. पान दिसेनासं झालं. ताईंनी घाबरून एक्सेल बंद केलं. बंद करताना त्यानं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? त्यांनी 'हो' केलं. म्हणजे फाईल लपलेल्या अवस्थेतच जपली गेली. पुढच्या वेळी उघडली ती लपलेलीच उघडली. कुणी नवीन बाईनं वही पेटीत ठेवून झाकण लावावं आणि आपण घरभर शोधत बसावं, तसं.

आता ही गोष्ट बाजूला ठेवू आणि समजून घेऊ. एक बाब डोक्यात पक्की बसली की बाकीचं सोपं आहे. एक्सेल म्हणजे वही नव्हे. एक्सेल म्हणजे लिहायचं टेबल. आपली फाईल म्हणजे वही. राखाडी पडदा म्हणजे टेबल मांडलंय, पण त्यावर वही ठेवलेली नाही. वही कपाटात असेल, झाकलेली असेल, किंवा टेबलावर ठेवायला सांगितलेलं टेबलाला ऐकू गेलं नसेल. पण टेबल रिकामं दिसलं म्हणून वही जळाली असं होत नाही.

म्हणून सगळ्यात आधी वही कपाटात आहे का ते बघायचं. एक्सेल बंद करा. जिथं फाईल ठेवता तो फोल्डर उघडा. फाईलच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' बघा. तिथं फाईल किती मोठी आहे ते केबीमध्ये दिसतं आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीखही दिसते. तारीख आपल्या मागच्या कामाची असेल आणि आकार नेहमीइतकाच असेल, तर बहुतेक वेळा हिशोब शाबूत असतो. मग दुसरं काहीही करण्याआधी त्या फाईलची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. नक्कल हातात आली की निम्मी भीती जाते.

आणि एक गोष्ट करायची नाही. राखाडी पडदा आला म्हणून घाईनं नवीन फाईल काढून तिला जुन्याच फाईलचं नाव देऊन, जुन्याच जागी सेव्ह करू नका. एक्सेल विचारतं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? घाईत 'हो' म्हटलं की जुनीच्या जागी कोरी बसते. हिशोब असा जातो. पडद्यामुळं जात नाही, आपल्या घाईमुळं जातो.

आता पायऱ्या सांगते. लिहून घ्या. पायऱ्या ओळीनंच घ्यायच्या, मधली सोडून खालची घ्यायची नाही, कारण वरच्या सोप्या आणि बिनधोक आहेत.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा : मी क्लिक कशावर केलं होतं? एक्सेलच्या हिरव्या चित्रावर, की माझ्या हिशोबाच्या फाईलवर? दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

समजा, हिरव्या चित्रावर केलं. मग बघा पडद्यावर काय आलंय. एका बाजूला जुन्या फाईलींची यादी आणि वर 'ब्लँक वर्कबुक' असं लिहिलेली कोरी चौकट दिसत असेल, तर काही बिघडलेलंच नाही. एक्सेल २०१३ पासून हे स्वागताचं पान येतं. त्याआधीच्या २००७ आणि २०१० मध्ये एक्सेल उघडलं की थेट कोरं पान यायचं. ज्यांनी जुन्यावर शिकलं त्यांना नवीन बघून वाटतं काहीतरी बिघडलं. 'ब्लँक वर्कबुक'वर क्लिक करा, पान येईल. दरवेळी हे मधलं पान नको असेल, तर 'फाईल', मग 'ऑप्शन्स', मग 'जनरल'मध्ये जा. सगळ्यात खाली 'शो द स्टार्ट स्क्रीन' अशी सुरुवात असलेली ओळ आहे. तिच्यापुढची बरोबरची खूण काढा आणि ओके करा. पुढच्या वेळेपासून थेट कोरं पान.

स्वागताचं पान नाही, नुसताच राखाडी पडदा आहे? मग कंट्रोलचं बटण धरून एन दाबा. एन म्हणजे न्यू, नवीन. कोरं पान आलं पाहिजे. ते आलं म्हणजे एक्सेल धडधाकट आहे.

पण रोजच असं करावं लागत असेल, तर डेस्कटॉपवरच्या त्या चित्राचा दोष असू शकतो. त्या चित्रावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'टार्गेट' नावाच्या चौकटीत एक लांब ओळ असते. तिच्या अगदी शेवटी तिरकी रेघ आणि पुढं ई हे अक्षर आहे का बघा. त्या खुणेचा अर्थच असा की एक्सेल उघड, पण स्वागताचं पानही दाखवू नको आणि कोरं पानही काढू नको. बिचारं एक्सेल सांगितलेलं ऐकतंय! असं चित्र काढून टाका आणि स्टार्ट मेनूमधून नवीन आणून ठेवा. चित्र काढल्यानं एक्सेल जात नाही. ते नुसतं दार आहे, घर नव्हे.

आता दुसरी बाजू. आपल्या फाईलवर क्लिक केलं आणि राखाडी पडदा आला.

पहिली पायरी तीच, 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'अनहाइड'. ते बटण फिकट असेल, दबत नसेल, तर काही लपलेलं नाही, पुढं चला. दबलं आणि यादीत 'पर्सनल' असं काही नाव आलं, तर तिला हात लावू नका. ती एक्सेलच्या स्वतःच्या कामाची फाईल असते आणि ती मुद्दामच लपवलेली असते. आपल्या गटाच्या फाईलचं नाव असेल तर तेच निवडा. आणि उघडल्यावर लगेच सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वेळी ती उघडीच येईल.

दुसरी पायरी. आतून उघडून बघा. एक्सेलमध्ये 'फाईल', मग 'ओपन', आणि आपला फोल्डर शोधून फाईल निवडा. आतून उघडली, पण बाहेरून दोनदा क्लिक केल्यावर उघडत नाही, असं असेल तर कारण मजेशीर आहे. आपण फाईलवर क्लिक करतो तेव्हा विंडोज एक्सेलला हाक मारून सांगतं, "ही फाईल उघड." एक्सेलमध्ये एक खूण अशी आहे की ती चालू असली तर एक्सेल अशा हाका ऐकतच नाही. ते उघडतं आणि नुसतं उभं राहतं. ती खूण काढायला 'फाईल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं जा. खाली खूप उतरल्यावर 'जनरल' असा मथळा येतो. तिथं 'इग्नोर अदर अ‍ॅप्लिकेशन्स' या शब्दांनी सुरू होणारी ओळ आहे. इग्नोर म्हणजे दुर्लक्ष कर. तिच्यापुढं बरोबरची खूण असेल तर काढा, ओके करा, एक्सेल बंद करून पुन्हा फाईलवर क्लिक करा.

तिसरी पायरी. तरी जमलं नाही, तर एक्सेल साध्या अवस्थेत उघडून बघायचं. कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून एक्सेलच्या हिरव्या चित्रावर क्लिक करा. बटण लगेच सोडू नका. एक्सेल विचारेल, सेफ मोडमध्ये उघडू का? 'येस' म्हणा. यात एक्सेल एकटंच उघडतं, त्याला चिकटलेली जोड-साधनं बाजूला राहतात. अशानं सगळं नीट चाललं, तर दोष एक्सेलचा नाही, चिकटलेल्या साधनाचा आहे. मग एक्सेल नेहमीसारखं उघडून 'ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅड-इन्स'ला जा. खाली 'मॅनेज' असं लिहिलेल्या चौकटीत 'कॉम अ‍ॅड-इन्स' निवडून 'गो' करा. तिथल्या एकेका खुणेला काढून बघा. एका वेळी एकच काढा, नाहीतर नेमकं कोण त्रास देतं ते कळणार नाही. आमटी खारट झाली तर मीठ कुणी दुसऱ्यांदा टाकलं ते एकेकीला विचारावं लागतं, तसंच हे.

चौथी पायरी. काही संगणकांवर पडदा रंगवण्यात गडबड होते. फाईल उघडलेली असते पण दिसत नाही. 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथं 'डिस्प्ले' या मथळ्याखाली 'डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन' अशी ओळ असेल, तर तिथं खूण करा. ही ओळ सगळ्या एक्सेलमध्ये सापडेलच असं नाही. नसली तर सोडून द्या.

पाचवी आणि शेवटची पायरी म्हणजे दुरुस्ती. कंट्रोल पॅनेलमध्ये 'प्रोग्राम्स' मध्ये जा, मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर उजवं बटण दाबून 'चेंज' म्हणा. 'क्विक रिपेअर' निवडा, त्याला इंटरनेट लागत नाही. त्यानं भागलं नाही तरच 'ऑनलाइन रिपेअर'. त्याला इंटरनेट लागतं आणि वेळही बराच लागतो. म्हणून लाईट जायच्या दिवसांत ते करायला बसू नका. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहायचं. या दुरुस्तीत आपल्या फाईली पुसल्या जात नाहीत. तरीही नक्कल पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

बघा, पाच पायऱ्या झाल्या आणि अजून कुठंही विंडोज नव्यानं टाकायची वेळ आली नाही. कुणी पहिल्याच वाक्यात तसं सांगितलं, तर म्हणायचं, "थांबा, आधी माझी फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन द्या." तो हक्क आपला आहे. हिशोब आपल्या पैशांचा आहे.

काहींच्या संगणकावर ऑफिसची मुदत संपलेली असते. तेव्हा फाईल उघडते, बघता येते, पण त्यात नवीन लिहिता येत नाही. हा बिघाड नव्हे, परवान्याचा प्रश्न आहे. त्यासाठी लिबरऑफिस नावाचं फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या 'कॅल्क'मध्ये एक्सेलच्या फाईली उघडतात. तेही उघडल्यावर कधी कधी थेट कोरं पान देत नाही, कामांची यादी दाखवतं. त्यातलं 'कॅल्क स्प्रेडशीट' निवडायचं, पान येतं.

आता कुणी विचारेल, "एवढा खटाटोप कशाला? वही बरी होती की." मागच्या बैठकीत एका काकूंनी विचारलंच होतं. प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर देते.

समजा गटातून १२,००० रुपये कर्ज घेतलं, महिन्याला शेकडा २ टक्के व्याज, १२ हप्ते. मुद्दल दरमहा १,००० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २४० रुपये. दुसऱ्या महिन्यात बाकी ११,०००, म्हणून व्याज २२०. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात २० रुपये. सगळं व्याज मिळून होतं १,५६० रुपये. पण उतरती बाकी न धरता दर महिन्याला पहिल्यासारखंच २४० घेतलं, तर वर्षाचं व्याज होतं २,८८० रुपये. फरक १,३२० रुपयांचा. एका बाईच्या कष्टाचे १,३२० रुपये, नुसते हिशोब करायच्या पद्धतीमुळं. खाजगी कंपनीचा माणूस दारात येऊन "फक्त दोन टक्के" म्हणतो, तेव्हा हे कोणते दोन टक्के, ते कोऱ्या पानावर पाच मिनिटांत मांडून बघता येतं.

कसं मांडायचं? पहिल्या ओळीत मथळे लिहा : ए मध्ये हप्ता, बी मध्ये बाकी, सी मध्ये व्याज, डी मध्ये मुद्दल. बी २ मध्ये १२००० लिहा. डी २ मध्ये १०००. सी २ मध्ये आधी बरोबरचं चिन्ह, मग बी २, मग गुणाकाराची चांदणी, मग २ टक्के. बी ३ मध्ये बरोबरचं चिन्ह, बी २ वजा डी २. मग चौकटीचा खालचा कोपरा धरून तेराव्या ओळीपर्यंत ओढा. डी चे आकडे मात्र सगळीकडे १००० च राहतात ना ते बघा. सी ची बेरीज १,५६० आली की तुमचं बरोबर.

हे सॉफ्टवेअर जन्माला आलंच मुळी या त्रासातून. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचे एक विद्यार्थी होते. वर्गात फळ्यावर मोठा तक्ता मांडलेला असायचा आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी मिळून १९७९ साली व्हिसिकॅल्क आणलं. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. एक्सेल त्यानंतरचं, १९८५ चं. आपल्या खतावणीत एका महिन्याचा हप्ता चुकला की खालची सगळी पानं खोडायला लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो त्रास हार्वर्डमध्ये होता आणि वरव्यातही आहे.

आणि हिशोब का महत्त्वाचा, तेही तुम्हाला ठाऊक आहे. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा बायकांकडे तारण ठेवायला जमीन नव्हती, सातबाऱ्यावर नाव नव्हतं. बँकेनं विश्वास ठेवायचा तो कशावर? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. ही आपली पंचसूत्री. त्यातलं पाचवं सूत्र ढिलं पडलं तर आधीच्या चारांचा पुरावाच राहत नाही.

आता थोडं अवघड बोलते. राग मानू नका. त्या संध्याकाळी त्या ताईंनी मला फोन करायच्या आधी पुतण्याला हाक मारली, मग शेजारच्या पोराला. आपल्याकडे बहुतेक गटांत हेच होतं. माऊस पोराच्या हातात आणि लेखनिक बाजूला चहा करायला. पोरं वाईट नाहीत. मदत करतात बिचारी. पण ज्याच्या हातात हिशोब, त्याच्या हातात निर्णय, हे आपण घरात वर्षानुवर्षं बघितलंय. वही आपण लिहायला शिकलो तेव्हाही लोक हसले होते. इथं बसलेल्या किती जणींनी पहिली सही गटात येऊन केली? हात वर करा. बघा. मग 'अनहाइड' हे बटण काय त्या सहीपेक्षा अवघड आहे?

पोराकडून जरूर शिका. पण बटण तुमच्या बोटानं दाबा. त्याला म्हणा, "तू सांग, मी करते."

आता आपण काय ठरवायचं ते सांगते. हे माझं म्हणणं आहे, ठराव तुम्ही करायचा आहे.

एक, कीर्द वहीत लिहायची ती बैठकीतच, सगळ्यांसमोर. संगणकावर नंतर. वही मागं पडू द्यायची नाही. मी पूर्वी जे सांगितलं होतं ते आज मागं घेते.

दोन, प्रत्येक बैठकीनंतर फाईलची नक्कल पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह लेखनिकेकडे ठेवायचा नाही, अध्यक्ष किंवा सचिव ताईंकडे ठेवायचा. संगणक बिघडला तर पेन ड्राइव्हही त्याच घरात नको. नकलेच्या नावात तारीख घाला, म्हणजे कोणती नवी ते कळेल.

तीन, दर महिन्याची तेरीज कागदावर छापून इतिवृत्ताच्या वहीत चिकटवायची. छपाईची सोय नसेल तर हातानं उतरवा. एक पान लिहायला दहा मिनिटं लागतात.

चार, प्रत्येक गटात हे काम येणाऱ्या दोघी असाव्यात. एकीचं बाळंतपण, एकीची लावणी, एकीचं आजारपण. हिशोब कुणा एकीच्या बोटांवर अडून राहू नये.

त्या गटाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. अकराला बैठक झाली. तेरीज मांडली. फीचं कर्ज सर्वानुमते मंजूर झालं आणि पैसे मुदतीत भरले गेले. बैठक संपल्यावर सगळ्याजणी निघाल्या, पण त्या लेखनिक ताई आणि दुसऱ्या दोघी तिथंच बसल्या. एकीनं पडद्यावरचं वाचायचं, एकीनं वहीत लिहायचं, एकीनं ताळा बघायचा. दुपारी तीनपर्यंत त्यांनी मार्चपासूनची वही पुरी केली. मीही बसले होते. खोडणं माझ्याच अक्षरात जास्त झालं, हे त्या तुम्हाला सांगतीलच.

आता बोलणं पुरे. इथं दोन लॅपटॉप आणलेत. दोन्हींवर मी सराव म्हणून एक फाईल मुद्दाम लपवून ठेवलीय. दोघी-दोघींच्या जोड्या करा. मी काही सांगणार नाही. ती फाईल शोधून काढायची, सेव्ह करायची आणि मग कोऱ्या पानावर १२,००० चा तक्ता मांडायचा. बेरीज १,५६० आली की उठायचं आणि पुढच्या जोडीला बसवायचं. तोवर चहा होतोय.